अंगदचं निवेदन आणि माझी काच

मित्रांनो, लातूरच्या कचेरीसमोरच्या गल्लीतलं मी एक जुनं झेरॉक्स मशीन आहे, आणि खरं सांगायचं तर दमलेलंही आहे. तेव्हा सावकाश सांगतो. तुम्हालाही कुठं कचेरीत नंबर लागलेला नसेल, तर निवांत ऐका.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. नक्की कुठला, ते आता आठवत नाही. पाठीवर एक पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावरची अक्षरं इथं कुणालाच वाचता आली नाहीत, आणि पुढं ती उन्हानं गळून पडली. तिकडच्या एका ऑफिसात मी काही वर्षं राबलो. मग त्यांनी नवं मशीन घेतलं आणि माझ्यासारख्या सत्तर-ऐंशी म्हाताऱ्यांबरोबर मला जहाजावर चढवलं. मुंबईच्या गोदामात आमची अंगं पुसली, चार भाग बदलले आणि चालू हालतीतला माल म्हणून आम्हाला उभं केलं. तिथून महेबूबभाईंनी मला ट्रकमध्ये घालून लातूरला आणलं. आल्या दिवशी त्यांनी मला लोबानाचा धूर दाखवला आणि शेजारच्या स्टॅम्पवाल्यानं नारळ फोडला. माझ्याकडं कागद कुणी मागितला नाही. मी कुठून आलो यापेक्षा मिनिटाला किती प्रती काढतो, एवढंच लोकांनी विचारलं.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. लोक कागद माझ्या काचेवर पालथा घालतात. म्हणजे माणूस जे जगाला दाखवायला निघालेला असतो, ते सगळ्यांच्या आधी मला दिसतं. सातबारा, टीसी, जातीचा दाखला. एकाच म्हाताऱ्याचा सकाळी हयातीचा दाखला आणि चार दिवसांनी मृत्यूचा दाखलाही मी काढलेला आहे. त्या काळी महेबूबभाई गिऱ्हाइकांना सांगायचे, "मूळ कागदापेक्षा आपली झेरॉक्स साफ निघती, बघा." ते ऐकून माझ्या अंगातला दिवा जरा जास्तच उजळायचा.

लोकांची एक खोड मात्र मी जन्मभर पाहिली. प्रती घाईनं उचलायच्या आणि मूळ कागद झाकणाखाली विसरून जायचं. आठवड्याला चार-पाच तरी राहायचेच. महेबूबभाई ते भिंतीवरच्या खिळ्याला टोचून ठेवायचे आणि म्हणायचे, "येईल बिचारा धावत." आणि येणारा येतच असे.

अंगद आला तो हातात पत्रकं घेऊन. रेणापूरकडचा पोरगा, आयटीआय झालेला फिटर. डाळ मिलमध्ये तीनदा मुलाखत देऊन तीनदा परत आलेला. 'भूमिपुत्र हक्क संघ' नावाच्या संघटनेत तो लिहिण्याचं काम करायचा. त्याचं अक्षर असं की निवेदन वाचण्याआधी माणसानं नुसतं बघत राहावं. संघटनेत तो वर चढत होता तो भाषणांमुळं नव्हे, या अक्षरामुळं, असं माझं मत आहे. भाषणात तो अडखळायचा.

त्याच्या दोनशे प्रती निम्म्या झाल्या होत्या तेव्हा शिवकन्या आत आली. ती हदगावची, कामगारांना कागदपत्रं काढून देणाऱ्या एका केंद्रात नोकरीला. तिच्यामागं मिलचे तीन बिहारी हमाल उभे होते.

"मॅडम, थांबा जरा. माझं काम चालू हाय."

"माझ्या सेहेचाळीसच हायत, भाऊ. आणि ही माणसं हजेरी बुडवून आलीत. तुमच्या पत्रकाला कुठं हजेरी लावायचीय?"

तिनं ट्रेमधलं एक पत्रक उचललं आणि वाचलं. "गावच्या हाताला काम द्या. हे बरोबर हाय. बाहेरच्यांना हाकला. हे चूक हाय."

"तुमाला कुणी तपासायला सांगितलंय का?"

"मग वाटायलाव कशाला? वाचू नये म्हणून?"

महेबूबभाई म्हणाले, "भांडण बाहेर करा बाबा, मशीन तापतंय." मी तापलो नव्हतो. पण त्याच घटकेला माझ्यात कागद अडकला आणि तो निघेपर्यंत दोघांना एका बाकड्यावर बसावं लागलं. मुद्दाम अडकवला म्हणाल तर तसं नाही. पण लवकर सुटावा म्हणून मी फार धडपडही केली नाही.

मित्रांनो, कचेरीसमोरच्या गल्लीत एक रीत आहे. ज्याच्या खिशाला पेन दिसेल, त्याच्यापुढं कुणीही अर्ज सरकवावा आणि त्यानं तो भरून द्यावा. नाही म्हणायची सोय नसते. एका सोमवारी शिवकन्येपुढं कामगारांच्या नोंदणीच्या अर्जांचा ढीग होता, आणि लखिंदर नावाच्या हमालाला अंगदच्या खिशाला पेन दिसलं.

"भैया, मेरा भी भर दीजिए ना."

अंगदनं इकडंतिकडं पाहिलं. काखेत 'बाहेरच्यांना हाकला'चा गठ्ठा होता. तो त्यानं हळूच बुडाखाली घातला आणि अर्ज घेतला. नाव, बापाचं नाव, मूळ गाव. "घर में कौन?" "माँ है, दो बच्ची है. छोटी का मुँह अभी देखा नहीं." अंगदचं पेन थांबलं, मग पुढं गेलं. त्या दिवशी त्यानं सात अर्ज भरले, त्या देखण्या अक्षरात. शिवकन्या तिकडून बघत होती आणि बघत नसल्याचं दाखवत होती.

"तुमी तर आमच्यात आलाव की, भाऊ," ती म्हणाली.

"मी कुठं आलो न्हाई. माझं म्हणणं तेच हाय. मिलचा मॅनेजर म्हणतोय, गावचं पोरगं लगीन, जत्रा, तेरवी म्हणून सुट्टी मागतंय, बिहारी मागत न्हाई."

"तो मागत न्हाई, कारण त्याचं गाव दोन दिवसांच्या वाटंवर हाय. मागून काय करील?" मग ती म्हणाली, "माझा बाप हैदराबादला गवंड्याच्या हाताखाली होता. मी तिथंच जन्मले. तिथली माणसं आमाला म्हणायची, महाराष्ट्रातून आलीत, आमचं काम खायलीत. माझ्या बापानं कुणाचं काय खाल्लं, ते मला अजून घावलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी अंगद काम नसताना आला, एका कागदाची एक प्रत काढायला. तो कागद कोरा होता.

पुढचे चार महिने मी हेच पाहिलं. दोघं भांडायची, आणि भांडायला वेळेवर यायची. तिच्या तोंडचं 'भाऊ' हे माझं मोजमाप होतं. आधी प्रत्येक वाक्याला एक. मग दिवसाला एक. मग एका दुपारी ती नुसतंच "अंगद" म्हणाली आणि त्यानं कागद उलटा लावला. राग आला की 'भाऊ' परत यायचा. तो आला की अंगदचा चेहरा रंग उडालेल्या पावतीसारखा व्हायचा.

मग ते निवेदन आलं.

मिलच्या मागं पत्र्याच्या खोल्या होत्या आणि त्यांत लखिंदरसकट तेवीस हमाल राहायचे. संघटनेचे जिल्हाध्यक्ष मृत्युंजयभाऊ यांनी ठरवलं की त्या खोल्या रिकाम्या करा अशी मागणी करायची. लिहायचं अंगदनं, घरोघर जाऊन सह्या घ्यायच्या अंगदनं, आणि निवेदन कचेरीतल्या साहेबांच्या हाती पडलं की शहराध्यक्षही अंगदच. एकशे चाळीस सह्या झाल्या. पहिली सही त्याच्या सख्ख्या चुलत्याची, भुजंगरावांची.

शिवकन्येला कळलं तेव्हा ती दुकानात आली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"अंगद, मिलशी भांड. मालकाशी भांड. तुझ्या मोर्चात मी पाण्याचे जार आणून ठेवीन. पण तुझ्या कागदानं माझी तेवीस माणसं रस्त्यावर आली, तर आपलं जे काय हाय ते त्या दिवशी संपलं."

"आपलं काय हाय?"

"ते तूच ठरीव."

ठरवणं काही अंगदच्या हाताला येईना. निवेदन दिलं तर ही गेली. नाही दिलं तर एकशे चाळीस घरांत तोंड दाखवायची सोय गेली.

निवेदन द्यायच्या दिवशी साहेब फक्त चार वाजेपर्यंत भेटणार होते. सव्वातीनला अंगद प्रती काढायला आला. मृत्युंजयभाऊ बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. महेबूबभाई पाठमोरे होऊन स्टेपलरच्या पिना शोधत होते. प्रती निघाल्या. अंगदनं झाकण उचललं.

मित्रांनो, त्या वेळी त्याचा चेहरा एकट्या मलाच दिसला. मूळ कागद काचेवर पालथा होता, आणि त्याच्या कडेनं मी वर पाहत होतो. त्याचा हात कागदापर्यंत आला आणि थांबला. साडेतीनला शिवकन्या येते, हे त्याला ठाऊक होतं. हॉर्न पुन्हा वाजला. त्यानं झाकण परत खाली ठेवलं. इतकं हळू की माझा खटकासुद्धा वाजला नाही. नुसत्या प्रती उचलल्या आणि तो गेला.

विसरणारे मी हजार पाहिले होते. असा विसरणारा पहिलाच.

साडेतीनला ती आली, झाकण उचललं, आणि तिच्या हाताला ते निवेदन लागलं. तिनं ते दोनदा वाचलं. महेबूबभाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बेटी, खऱ्या सह्यांबिगर साहेब हात लावत न्हाईत. तू काही पाह्यलं न्हाई, मी काही पाह्यलं न्हाई. मशीन तर बिचारं मुकंच."

ती बाकड्यावर बसली. पर्स उघडली, तेवीस माणसांचं भविष्य तिच्यात घातलं आणि चेन लावली. मग चेन काढली. पुन्हा लावली. मला वाटलं, सुटलो सगळे एकदाचे. तेवढ्यात ती उठली, "विसरभोळा मेला!" म्हणाली, आणि कागद हातात धरून कचेरीकडं पळत सुटली.

पाच मिनिटांत दोघं परत दुकानात. हा पुढं, ती मागं.

"काहून आणून दिलंस?" अंगद दबक्या आवाजात ओरडला. तसं ओरडणं फक्त प्रेमात पडलेल्या माणसालाच जमतं.

"अरे, विसरला होतास! त्या मृत्युंजयनं तुला समद्यांपुढं झापलं असतं."

"विसरलो नव्हतो!"

"मग?"

"ठेवला होता. तुझ्यासाठी. तू उचलशील, फाडशील, चुलीत घालशील..."

मला वाटलं, आता ही विरघळणार. महेबूबभाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण ते उगाच खोकून बाहेर बघायला लागले. पण शिवकन्या विरघळली नाही. तिचा चेहरा आवळला.

"म्हंजी चोरी मी करायची? आणि तुमी संघटनेत स्वच्छ राहायचं, भाऊ?"

'भाऊ' आला होता.

"तसं न्हाई..."

"तसंच हाय. द्यायचं असंल तर जाऊन दे. न्हाई द्यायचं तर तुझ्या तोंडानं न्हाई म्हण. माझ्या पर्समधी तुझी हिंमत कशाला ठिवतोस?"

चारला दहा कमी असताना मृत्युंजयभाऊ स्वतःच दारात आले. कडक पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली. "अंगद्या, सापडला का कागद? चल, साहेब उठतील."

अंगदनं निवेदनाची घडी केली आणि आतल्या खिशात घातली. सभेत अडखळायचा तसाच तो अडखळला, पण बोलला.

"मी हे... हे देणार न्हाई."

"काय?"

"नोकरीचं लिहू. बोनसचं लिहू. आत्ता लिहितो. खोल्यांचं लिहिणार न्हाई. त्यांच्याजवळ कागद हायत. सात जणांचे तर मीच भरलेत."

"आणि एकशे चाळीस सह्यांचं काय करू? भजी गुंडाळू?"

"सह्या माझ्या शब्दावर झाल्यात. मीच घरोघर जाऊन सांगंन."

मृत्युंजयभाऊंनी शिवकन्येकडं पाहिलं आणि ते हसले. "असं. हिच्यासाठी व्हय."

"हिच्यासाठी कागद मशीनमधी ठेवला होता," अंगद म्हणाला. "तोंडानं सांगायलोय, ते माझ्यासाठी."

मृत्युंजयभाऊ किल्ली फिरवत गेले, आणि शहराध्यक्षपदही त्यांच्याच गाडीत बसून गेलं. चार वाजले. शिवकन्येनं पाण्याचा तांब्या अंगदपुढं ठेवला. शाबासकी दिली नाही. "पी," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून अंगद नोकऱ्यांचं नवं निवेदन घेऊन त्याच एकशे चाळीस घरांच्या पायऱ्या चढला. काहींनी दार लावलं. काहींनी चहा पाजला आणि सही दिली नाही. एकसष्ट सह्या झाल्या. भुजंगरावांनी तर पुतण्याशी बोलणंच टाकलं.

गोष्ट इथं संपली असती तर किती गोड झालं असतं! पण दोन महिन्यांनी मिलमालकानंच त्या खोल्या पाडल्या. त्याला गोदाम वाढवायचं होतं. ना निवेदन, ना सह्या, ना साहेब. मालकाला यांतलं काहीच लागत नाही. आठ दिवसांत बाहेर व्हा, एवढाच निरोप. ज्या खोल्यांवरून माझ्या काचेवर एवढी शाई सांडली, त्या एका सकाळी जेसीबीनं साफ केल्या.

शिवकन्या तेवीस जणांचे कागद पिशवीत घालून दुकानात आली. पत्ता बदलायचा तर सगळे अर्ज नव्यानं. ती खूप थकलेली दिसत होती. अंगद आधीच येऊन बसला होता. तिनं निम्मे अर्ज त्याच्यापुढं ठेवले. त्यानं पेन काढलं.

"नवा पत्ता काय लिहू?"

"तेच तर न्हाई."

अंगदनं पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "काकाचं शेड हाय रेणापूर रोडला. सोयाबीन विकल्यापासून मोकळंच हाय."

"पहिली सही त्यांचीच होती ना?"

"व्हय. बोलून बघतो."

बोलून बघायला त्याला तीन दिवस लागतील असं मला वाटलं होतं. तो तासाभरात परत आला. तोंडावर हसू, पण जरा ओशाळवाणं. "काका म्हणाले, भाडं वेळेवर देत असतील तर माणसं चांगलीच असतात."

मित्रांनो, मी टोनर पिऊन जगलेलं यंत्र. मला राजकारण कळत नाही. पण एवढं पाहिलं की ज्या भुजंगरावांना तेवीस माणसं गावाला भार वाटत होती, तेच आता रस्त्यात कुणी त्या हमालांना अरेतुरे केलं तर गाडी थांबवून सांगतात, "ती माझी पोरं हायत. नीट बोला." लखिंदरच्या धाकटीच्या नावानं त्यांनी परवा झबलं पाठवलं, असंही ऐकतो.

गेल्या महिन्यात अंगद आणि शिवकन्या लग्नाच्या नोंदणीचे कागद घेऊन आले. महेबूबभाईंनी तिचा जन्माचा दाखला माझ्यावर ठेवताना वाचला. "अंगद, ही तर परराज्यातली निघाली रे. आता कोणाला निवेदन द्यायचं?"

"चाचा, तुमी झेरॉक्स काढा," अंगद म्हणाला.

शिवकन्या म्हणाली, "ह्याला अजून वाटतंय शंभरातले ऐंशी गावचेच घ्यावेत."

"वाटतंयच. आणि हिला अजून वाटतंय कुणी कुठंबी जावं."

"हाव. वाटतंय."

भांडत भांडतच त्यांनी एकमेकांच्या प्रतींवर सह्या केल्या. मिलनं गावातले चार जण घेतले. त्यांत अंगद नव्हता. तो आता पाइपलाइनची कामं करतो आणि दुपारी कचेरीसमोर अर्ज भरून देतो, कुणाचेही.

त्या दोघांच्या प्रती मी काढल्या, पण नीट निघाल्या नाहीत. माझा ड्रम झिजलाय. दोघांच्या फोटोंवरून एक काळी रेघ उमटली. महेबूबभाईंनी सुस्कारा टाकला आणि त्याच आठवड्यात नवं मशीन आणलं. मी कोपऱ्यात आहे. माझ्या झाकणावर लिफाफ्यांचे गठ्ठे असतात आणि चहाचे कप. काच पुसायची आता कुणाला आठवण होत नाही. तक्रार नाही. ज्याची कामं सरली त्याची धूळ साचायचीच.

तरी एक मागणं आहे. आम्हा यंत्रांना जपणं फार अवघड नसतं. ओला कागद घालू नका, तापलं तर दम खाऊ द्या, अडकलेला कागद हिसकू नका, हळू सोडवा. ज्यांच्याशी तुमचं पटत नाही, त्यांनाही एवढंच लागतं. मी लाखो कागद उतरवून घेतले. एकाच्या दोनशे केल्या, दोनशेच्या दोन हजार केल्या. पण चारला दहा कमी असताना अंगद अडखळत जे बोलला, त्याची प्रत मला काढता आली नाही. ते ज्याचं त्यालाच बोलावं लागतं, मित्रांनो, आणि दर वेळी नव्यानं.